काकूंचा ओव्हन आणि तिसरी पिन

मित्रांनो, मथळा वाचून ‘हे पाककृतीचं पान इथे कसं काय?’ म्हणून पान उलटू नका. लेख ओव्हनबद्दल आहे हे खरं, पण केकबद्दल नाही. सेकंड इयरला जे आपण घोकून लिहितो आणि व्हायवाला विसरतो, त्या व्ही-स्क्वेअर बाय आर बद्दल आहे. आणि आपल्यापैकी निम्म्या लोकांनी कधी ना कधी केलेल्या एका मूर्खपणाबद्दलही आहे. तो कोणता, ते पुढे येईलच.

आमच्या काकू कामोठ्याला राहतात. होस्टेलच्या मेसला कंटाळलो की रविवारी मी मानसरोवर स्टेशनला उतरून त्यांच्याकडे जेवायला जातो. काकू घरीच केकच्या ऑर्डर घेतात. मे महिन्यात त्या गावाला गेल्या, घर बंद होतं. जुलैत परत आल्या, ओव्हन लावला आणि खटकन सगळ्या घरातली लाइट गेली. पुन्हा मेन वर केला, पुन्हा तेच. त्या शनिवारी सोसायटीतल्या एका बाळाच्या पहिल्या वाढदिवसाचा दोन किलोचा केक द्यायचा होता, ॲडव्हान्स घेऊन झाला होता.

“अरे, तू इलेक्ट्रिकलचा ना? बघ की जरा!” हे वाक्य ज्याने ऐकलं नाही तो इलेक्ट्रिकलचा विद्यार्थीच नव्हे. मी पोचण्याआधी एक वायरमन येऊन गेला होता. त्याने सल्ला दिला होता, “काकू, काही नाही झालेलं. प्लगची ती मोठी पिन आहे ना, तिची वायर काढून टाका. लाइट जाणार नाही.”

सल्ला शंभर टक्के बरोबर होता. वायर काढली असती तर लाइट गेली नसती. काकू गेल्या असत्या. का, ते समजून घेण्यासाठी आधी ओव्हन आतून पाहू.

ओव्हनच्या पोटात काय असतं?

इथे ओव्हन म्हणजे घरी असतो तो ओटीजी, मायक्रोवेव्ह नव्हे. मायक्रोवेव्हच्या आत सुमारे २००० व्होल्टवर काम करणारा कपॅसिटर असतो आणि प्लग काढल्यावरही तो भरलेला राहू शकतो. त्याच्या वाटेला घरी जायचंच नाही, मग तुम्ही टॉपर का असेना.

ओटीजी मात्र फारच साधा प्राणी आहे. फेजची वायर आत येते, थर्मोस्टॅटमधून टायमरमध्ये जाते, तिथून सिलेक्टर स्विचला आणि मग रॉडला. रॉडच्या दुसऱ्या टोकाहून न्यूट्रल बाहेर. काही ओव्हनमध्ये मध्ये एक थर्मल फ्यूजही असतो. म्हणजे सगळं एका माळेत. माळेतला एक मणी तुटला की सगळं बंद. वरचा रॉड आणि खालचा रॉड तेवढे एकमेकांना समांतर. तिसरी, म्हणजे अर्थची हिरवी वायर, या माळेत कुठेच नसते. ती थेट पत्र्याच्या बॉडीला स्क्रूने जोडलेली असते. म्हणूनच लोकांना वाटतं की ती बिनकामाची आहे.

आता रॉड. स्टीलच्या नळीत नायक्रोमच्या तारेची स्प्रिंग असते. निकेल-क्रोमियमच्या या मिश्रधातूचं पेटंट अल्बर्ट मार्श यांना अमेरिकेत १९०६ साली मिळालं आणि टोस्टरपासून इस्त्रीपर्यंत सगळ्या उपकरणांचा रस्ता मोकळा झाला. तांब्याच्या तुलनेत नायक्रोमचा विशिष्ट रोध साधारण ६५ पट. शिवाय तापल्यावर त्याच्या अंगावर क्रोमियम ऑक्साइडचा घट्ट थर बसतो, त्यामुळे लाल होऊनही तार जळून जात नाही.

पण तार आणि स्टीलची नळी एकमेकांना चिकटली तर बॉडीत करंट येईल. म्हणून दोघांच्या मध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड ठासून भरलेली असते. या पुडीचा गुण असा, की ती वीज जाऊ देत नाही पण उष्णता छान जाऊ देते. आणि अवगुण असा, की ती हवेतली ओल शोषून घेते. हा अवगुण लक्षात ठेवा. आपल्या गोष्टीतला खलनायक तोच आहे.

आधी कानाने आणि डोळ्याने

स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी तक्रार नीट ऐकायची. डॉक्टर नाही का आधी ‘काय होतंय?’ विचारत, तसं. ओव्हनच्या तक्रारी मुळात चारच.

१) अजिबात चालत नाही. आधी टायमर बघा. बऱ्याच ओव्हनमध्ये टायमर शून्यावर असेल तर पुढे वीज जातच नाही. नवीन ओव्हन ‘बिघडला’ म्हणून परत नेणाऱ्यांत या मंडळींचा भरणा मोठा! मग दुसरं एखादं उपकरण लावून बोर्डाचा पॉइंट चालू आहे का ते पाहा. मग प्लग उघडून वायर सुटली आहे का ते. थर्मल फ्यूज उडाला असेल तर त्याच तापमानाचा नवा घाला, वायरने कधीही जोडून टाकू नका. आग लागू नये म्हणून असलेला तो शेवटचा पहारेकरी आहे.

२) एकच रॉड तापतो. एक तर रॉड तुटला आहे, नाहीतर त्याच्या टोकाचा लग सैल झाला आहे, नाहीतर सिलेक्टर स्विच गेला आहे. मल्टिमीटरने दोन मिनिटांत कळतं.

३) तापतो पण थांबत नाही, सगळं करपतं. थर्मोस्टॅटचे कॉन्टॅक्ट ठिणग्यांनी एकमेकांना चिकटले आहेत. पॉलिश पेपरने घासून चार दिवस चालतं, पुन्हा चिकटतं. थर्मोस्टॅट बदलणं हाच उपाय.

४) लावला की घरातली लाइट जाते. ही काकूंची तक्रार. इथे पहिला प्रश्न असा की नेमकं कोणतं बटण पडलं? छोटं एमसीबी पडलं असेल तर शॉर्ट सर्किट किंवा जास्त लोड. ज्याच्यावर टेस्टचं बटण असतं ते मोठं पडलं असेल तर गळती. काकूंच्या घरी मोठं पडत होतं. आपण सगळे त्याला ईएलसीबी म्हणतो, पण हल्ली घरोघरी बसवतात तो असतो आरसीसीबी.

आरसीसीबीचं काम हिशेबनीस माणसासारखं असतं. फेजने जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलने परत आला पाहिजे. मध्येच कमी भरला तर तो कुठेतरी जमिनीत जातोय, कदाचित कुणाच्या तरी अंगातून. घरी बसवतात तो ३० मिलिअँपिअरचा असतो, म्हणजे १५ ते ३० च्या दरम्यान फरक पडला की तो केव्हाही पडू शकतो आणि ३० ला पडलाच पाहिजे.

मल्टिमीटर खोटं बोलत नाही, पण सगळं सांगतही नाही

प्लग काढला. स्विच बंद करणं पुरेसं नाही, प्लग काढून डोळ्यांसमोर ठेवायचा. ओव्हन थंड होता. मागचं झाकण उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढायची तयारी ठेवली. कोणती वायर कुठे होती ते नंतर आठवेल असं वाटतं, पण आठवत नाही. (वर्कशॉपमध्ये हा धडा सगळ्यांनीच घेतला आहे.)

ओव्हन १६०० वॅटचा, ८०० चे दोन रॉड. आता सूत्र वापरू. आर बरोबर व्ही वर्ग भागिले पी. २३० चा वर्ग ५२,९००, भागिले ८००, म्हणजे साधारण ६६ ओहम. दोन्ही रॉडच्या वायरी सोडवून मोजलं, वरचा ६५, खालचा ६६. दोन्ही ठणठणीत!

इथे एक गंमत सांगतो. हीच परीक्षा साध्या पिवळ्या बल्बवर केलीत तर फसाल. १०० वॅटच्या बल्बचा रोध सूत्राने ५२९ ओहम येतो, पण थंड बल्ब मोजला तर ४० च्या आसपास दिसतो, कारण टंगस्टनचा रोध तापल्यावर प्रचंड वाढतो. नायक्रोमचा मात्र थोडासाच वाढतो. म्हणून रॉड थंड असताना मोजलेला आकडा विश्वासाचा.

मग रॉडचं टोक आणि त्याची स्टीलची नळी यांच्यात मल्टिमीटर बझरवर लावला. गप्प. म्हणजे बॉडीला शॉर्ट नाही. दोन्ही रॉड गप्प. मी ऐटीत जाहीर केलं, “काकू, ओव्हनमध्ये काहीच बिघाड नाही. तुमचा आरसीसीबीच गेलाय.” सगळं परत जोडलं, लावला. खटकन लाइट गेली. काका टीव्हीवर मॅच बघत होते. पुढचा संवाद छापण्याजोगा नाही.

मग थोडी अक्कल वापरली. खालच्या रॉडच्या वायरी सोडवून, टोकांना वेगवेगळी फायबरग्लासची स्लीव्ह घालून, झाकण बंद करून फक्त वरचा रॉड लावला. लाइट राहिली. म्हणजे चोर खालच्या रॉडमध्ये होता, पण मल्टिमीटरला सापडत नव्हता.

सोमवारी तो रॉड वर्तमानपत्रात गुंडाळून लॅबमध्ये नेला. सरांनी एकच प्रश्न विचारला. “तुझा मल्टिमीटर रोध मोजताना किती व्होल्ट लावतो?” मी गप्प. बॅटरी नऊ व्होल्टची, म्हणजे त्याहून कमीच! शिवाय बझर वाजतो तो फक्त थोड्या ओहमपर्यंत. हजारो ओहमची गळती त्याच्या लेखी गळतीच नाही. सरांनी मेगर जोडला, ५०० व्होल्टचा. चांगला रॉड १ मेगाओहमच्या खाली येता कामा नये, खरं तर कितीतरी वर असायला हवा. आमचा काटा ०.०१ च्या आसपास लोळत होता. म्हणजे दहा हजार ओहम.

२३० भागिले १०,०००, म्हणजे २३ मिलिअँपिअर. आरसीसीबी पडणारच. तो बिचारा आपलं काम चोख करत होता आणि आम्ही त्यालाच शिव्या देत होतो.

कारण? कामोठे खाडीच्या जवळ. जुलैत हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास. कपडे चार दिवस वाळत नाहीत, मीठ डब्यात पाझरतं, बुटांना बुरशी येते. रॉडच्या टोकांशी पूड बंद करणारं जे सील असतं, ते जुनं होऊन तडकलं होतं. ओव्हन रोज वापरात होता तोवर रोजची उष्णता ओल उडवून लावत होती. दोन महिने बंद राहिला आणि पुडीने पोटभर पाणी पिऊन घेतलं.

आता ती तिसरी पिन

काकूंनी त्या वायरमनचं ऐकलं असतं तर? गणित तुमच्यासमोरच मांडतो.

अर्थची वायर काढली की गळतीच्या करंटला जायला वाट नाही. फेज आणि न्यूट्रलचा हिशेब जुळतो, आरसीसीबी शांत, लाइट शाबूत. पण पत्र्याची बॉडी आता दहा हजार ओहममधून फेजला जोडलेली आहे. काकू ओल्या हाताने, अनवाणी, स्वयंपाकघरातल्या ओल्या फरशीवर उभ्या राहून दाराच्या दांड्याला हात लावतात. ओल्या शरीराचा रोध धरू दीड हजार ओहम. एकूण साडेअकरा हजार. २३० भागिले ११,५०० म्हणजे २० मिलिअँपिअर, आणि तो सगळा काकूंच्या अंगातून.

साधारण १० मिलिअँपिअरच्या वर हाताचे स्नायू आखडायला लागतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक चार्ल्स डॅलझील यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून हे आकडे काढले होते. ‘करंटने ओढून धरलं’ असं आपण म्हणतो ते हेच. करंट ओढत नाही, आपलीच मूठ उघडत नाही. आणि २० हा आकडा १५ ते ३० च्या मधला! आरसीसीबी पडेल, किंवा नाहीही पडणार. ज्या जुन्या घरांत आरसीसीबीच नाही तिथे तर प्रश्नच मिटला.

अर्थची पिन लांब आणि जाड का असते, हा व्हायवाचा आवडता प्रश्न. लांब, कारण प्लग घालताना ती आधी जोडली जावी आणि काढताना शेवटी सुटावी. म्हणजे उपकरणाला वीज मिळण्याआधी संरक्षण मिळतं. उत्तर आपण सगळेच देतो. आणि रूमवर येऊन लॅपटॉपच्या नाहीतर इस्त्रीच्या प्लगची तीच पिन पक्कडने मोडून दोन पिनच्या बोर्डात घुसवतो. हाच तो मूर्खपणा. मीही केला आहे, म्हणून हक्काने सांगतो.

दुरुस्ती : ओव्हननेच ओव्हन बरा केला

ओल घालवायला उष्णता लागते, आणि आमच्याकडे एक अर्धा चांगला ओव्हन होताच. मंगळवारी संध्याकाळी खालचा रॉड आतल्या जाळीवर तिरका ठेवला (सरळ मावत नव्हता), मोकळ्या वायरी स्लीव्हमध्ये आणि झाकण बंद, आणि फक्त वरच्या रॉडवर १२० अंशांला दोन तास. अर्थात कुणीतरी समोर बसून. काकूंनी विचारलं, “काय भाजतोयस रे?” म्हटलं, “रॉड.” त्या काही बोलल्या नाहीत.

बुधवारी पुन्हा लॅब, पुन्हा मेगर. काटा ५० मेगाओहमच्या पुढे. संध्याकाळी रॉड जोडला. जोडताना तीन गोष्टी पाळल्या, त्या तुम्हीही पाळा.

एक, लग घट्ट हवा. १६०० वॅटला करंट सुमारे ७ अँपिअर. सैल लगचा रोध नुसता अर्धा ओहम झाला तरी तिथे आय-स्क्वेअर-आरने २३-२४ वॅट उष्णता तयार होते. आपली लॅबमधली सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते! म्हणजे झाकणाच्या मागे एक सोल्डरिंग आयर्न कायमची चालू ठेवल्यासारखं. काळा पडलेला लग घासत बसू नका, कापून नवा क्रिंप करा.

दोन, सोल्डर करायचं नाही आणि साधी पीव्हीसी वायर घालायची नाही. सोल्डर १९० अंशांच्या आत वितळतं, साधी पीव्हीसी वायर ७० अंशांपर्यंतची. इथे सिलिकॉनची किंवा फायबरग्लासची वायरच हवी.

तीन, सगळं झाल्यावर प्लगची मोठी पिन आणि ओव्हनचा पत्रा यांच्यात मल्टिमीटर लावायचा. रोध जवळजवळ शून्य यायला हवा. रंगावर नाही, रंग खरवडलेल्या जागी किंवा स्क्रूवर लावा. हे पाहिल्याशिवाय प्लग बोर्डात घालायचा नाही. आणि बोर्ड १६ अँपिअरचाच हवा. ७ अँपिअरचं ओझं ६ च्या छोट्या पॉइंटवर टाकलं की आधी प्लग पिवळा पडतो, मग काळा.

लावला. लाइट राहिली. दहा मिनिटांनी दोन्ही रॉड तांबूस. काकांनी टीव्हीवरून नजर न हटवता “हं” केलं. हे आमच्या घरातलं सर्वोच्च प्रशस्तिपत्रक.

पण खरं सांगायचं तर हा कायमचा इलाज नव्हे. सील तडकलेलंच आहे, ओल पुन्हा शिरणार. म्हणून दोन आठवड्यांनी सीएसएमटीला उतरून लोहार चाळीतून त्याच मापाचा, त्याच वॅटचा नवा रॉड आणला आणि बदलला. किंमत नव्या ओव्हनच्या मानाने किरकोळ. नवा रॉड घेताना जुना सोबत न्या. लांबी, वाक आणि वॅट, तिन्ही जुळले पाहिजेत. ‘जास्त वॅटचा टाका, लवकर तापेल’ असं कुणी म्हटलं तर हसून सोडून द्या. आणि पावसाळ्यात ओव्हन लागो न लागो, पंधरा दिवसांतून एकदा दहा मिनिटं रिकामाच चालवा. आजारी पडण्याआधीचं औषध.

जाता जाता, आपल्या शेगडीबद्दल

रेक्टर सर हे वाचतील याची कल्पना आहे, तरी लिहितो. होस्टेलच्या खोलीत हीटर, शेगडी, ओव्हन काहीही लावायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. तिथली वायरिंग दिवे-पंख्यांसाठी आहे, एका बोर्डावर सहा जणांच्या मॅगीसाठी नाही. पण मागच्या पिढ्यांपासून चालत आलेली एक युक्ती शास्त्राच्या दृष्टीने तपासून पाहण्यासारखी आहे. शेगडीची कॉइल तुटली की तुटलेला तुकडा टाकून उरलेल्या टोकांना पीळ मारायचा.

१००० वॅटच्या कॉइलचा रोध ५३ ओहम. दहा टक्के तार गेली, उरला ४७.६. आता ती १००० नव्हे, ११११ वॅट खाते. शिवाय तेवढी उष्णता कमी लांबीत. दर सेंटीमीटरला हिशेब केला तर २३ टक्के जास्त. त्यात पिळाची जागा सगळ्यात गरम. म्हणून ती पुन्हा तुटते, आधीपेक्षा लवकर, आणि आपण पुन्हा पीळ मारतो. दर वेळी मॅगी लवकर होते म्हणून खूश असतो, पण लवकर होण्याचं कारण चांगलं नसतं. आणि उघडी कॉइल म्हणजे हातभर अंतरावर नागडी फेज.

शनिवारी केक वेळेवर गेला. एक तुकडा लॅबमध्ये सरांनाही पोचवला. खाता खाता त्यांनी विचारलं, “काय शिकलास?” मी इन्सुलेशन रेझिस्टन्स, मॅग्नेशियम ऑक्साइड वगैरे सुरू केलं. सर म्हणाले, “ते पुस्तकात आहे. लाइट जाते म्हणजे कुणीतरी काहीतरी सांगतंय. त्याचं तोंड बंद करायचं की ऐकायचं, एवढंच शिकायचं असतं.”

तेव्हा मंडळी, तुमच्या घरी ओव्हन असो, गीझर असो की वॉशिंग मशीन, मेन पडला तर ऐका. आणि या सुट्टीत घरी गेलात की एक काम करा. मेनजवळच्या आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबून बघा. खटकन पडला तर तो जागा आहे. नाही पडला तर आईबाबांना आधी तो बदलायला लावा, फराळ नंतर!

— तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी